रेशीमवाल्या मामांबरोबर मेजी जपान

शनिवार, योकोहामा

टोकियोत उतरल्यावर लोक आधी शिबुयाचं क्रॉसिंग बघायला पळतात, आम्ही बॅगा हॉटेलात टाकल्या आणि लोकल पकडून थेट योकोहामा, कारण बरोबर मामा होते आणि मामांचं एकच, "जिथून रेशीम जहाजात चढलं ते बंदर आधी दाखव." मामा अंबडकडचे. दुष्काळात मोसंबीची बाग वाळून गेली त्यानंतर तुती लावली, आता जालन्याच्या कोष मार्केटला माल घालतात आणि शेडमधल्या अळ्यांबद्दल नातवंडांबद्दल बोलावं तसं बोलतात. मी पुण्यात आयटीवाला, मेजी काळावर, म्हणजे १८६८ ला शोगुनांची सत्ता जाऊन सम्राटाच्या नावाने नवं सरकार आलं त्या काळावर, मिळेल ते वाचत बसायचा नाद. म्हणजे प्लॅन माझा आणि प्रश्न मामांचे.

बंदराला लागून सिल्क म्युझियम आहे. १८५९ ला बंदर उघडलं तेव्हा त्याच प्लॉटवर जार्डिन मॅथेसनची कोठी होती, चीनमध्ये अफू विकून गबर झालेली तीच ती कंपनी. आत जिवंत अळ्या ठेवल्यात. मामांनी वाकून बघितलं आणि तिथल्या बाईंना चक्क मराठीत सांगितलं, "चौथी कात टाकून झालीय, आता आठवडाभर नुसतं चरतील." मी फोनवर ट्रान्सलेट करून दाखवलं तर बाई जोरजोरात मान हलवायला लागल्या.

थोडं मागचं सांगतो. तोकुगावा शोगुनांनी, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य करणाऱ्या लष्करी सत्ताधीशांनी, दोनशेहून जास्त वर्षं देश जवळपास बंद ठेवलेला, युरोपातल्यांपैकी फक्त डचांना नागासाकीच्या देजिमा बेटावर राहायची परवानगी. जुलै १८५३ ला अमेरिकेचा पेरी चार काळी जहाजं घेऊन उरागापाशी येऊन उभा राहिला. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३, म्हणजे त्याच्या तीनच महिने आधी, ही तारीख मी कधी विसरत नाही. पुढच्या वर्षी पेरी परत आला तो भेट म्हणून चौथाई आकाराचं वाफेचं इंजिन घेऊन, इथेच योकोहामाला गोल रूळ टाकून ते पळवलं आणि एक जपानी अधिकारी डब्यात मावेना म्हणून टपावर बसून चकरा मारत होता, झगा वाऱ्यावर उडतोय आणि हा दात काढतोय, असं पेरीच्या लोकांनी लिहून ठेवलंय.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र पुढे काही नव्हतं. करार झाले ते असे की परदेशी माणसाने गुन्हा केला तर त्याच्यावर जपानी कायदा चालणार नाही, आणि १८६६ पासून आयात कर ५ टक्क्यांवर बांधून टाकला. स्वतःच्या बंदरात स्वतःची जकात ठरवता येत नाही! हे जोखड पूर्ण सुटायला १९११ उजाडलं. मेजी सरकारची जी सगळी घाई दिसते ना, रेल्वे काय, कायदे काय, सुटाबुटात नाच काय, त्यातली निम्मी तरी या करारांतून सुटायची घाई आहे असं माझं मत.

आणि रेशीम का, तर त्याच वेळी फ्रान्स-इटलीतले रेशीमकिडे रोगाने पटापट मरत होते. जपानमधून नुसतं सूत नाही तर अंडी घातलेली पुठ्ठ्याची कार्डंच्या कार्डं जहाजाने युरोपला गेली. मामा थांबलेच. "अंडीपुंज एक्स्पोर्ट? आणि वाटेत फुटत नव्हते?" हिवाळ्यात पाठवत असणार, थंडीत अंडी झोपलेली राहतात, हे उत्तर त्यांचं त्यांनीच दिलं. गंमत म्हणजे मामा आज घेतात ते पांढरे बायव्होल्टीन (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या जातीचे) कोष, ती जात म्हैसूरच्या रेशीम संशोधन केंद्रात जपानी तज्ज्ञांबरोबर झालेल्या कामातूनच आलीय, त्यामुळे एका अर्थाने मामा सासुरवाडीलाच आले होते.

संध्याकाळी यामाशिता पार्कात फिरलो, तिथे भारतीय व्यापाऱ्यांनी बांधून दिलेलं पाणपोईसारखं छत्रीवालं बांधकाम आहे, १९२३ च्या भूकंपानंतर गावाने आसरा दिला त्याची आठवण म्हणून १९३९ साली दिलेलं. मामांनी तिथे बसून घरचे धपाटे काढले. मामा माळकरी, आणि या देशात साध्या वरणासारख्या दिसणाऱ्या सूपमध्येपण मासा असतो.

रविवार, शिंबाशी आणि मग ताकासाकी

शिओदोमेच्या काचेच्या टॉवरांमध्ये जुन्या शिंबाशी स्टेशनची इमारत परत बांधून ठेवलीय, मागे शून्य मैलाचा खुंट आणि थोडेसे रूळ. १८७२ ला इथून योकोहामापर्यंत देशातली पहिली रेल्वे, २९ किलोमीटर, ५३ मिनिटं. वाटेत लष्करी खात्याने जमीन द्यायलाच नकार दिला, म्हणून त्या पट्ट्यात समुद्रात बांध घालून गाडी पाण्यावरून नेली. तो बांध अलीकडे २०१९ मध्ये खोदकामात सापडला.

आपल्यापेक्षा १९ वर्षं उशिरा. पण आपली जीआयपी रेल्वे इंग्रजांची कंपनी, भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी आपल्या तिजोरीतून, ड्रायव्हरपासून इंजिनियरपर्यंत वरचा सगळा स्टाफ साहेब. जपान्यांनी लंडनमधून १८७० ला ९ टक्के व्याजाने १० लाख पौंड कर्ज काढलं, इंग्रज इंजिनियर पगारी ठेवले, आणि १८८० ला क्योतोजवळचा ओसाकायामा बोगदा एकाही परदेशी इंजिनियरशिवाय खणून मोकळे झाले. आठ वर्षांत! हेच त्यांचं सगळीकडचं धोरण, भरमसाठ पगार देऊन परदेशी माणूस आणायचा, शिकून घ्यायचं, करार संपला की हार घालून बोटीवर बसवायचं.

दुपारी ऊएनोला सैगो ताकामोरीचा पुतळा, घरगुती कपड्यात, हातात कुत्र्याची दोरी. शोगुनशाही पाडणाऱ्यांतला हा एक मोठा माणूस, नंतर स्वतःच उभ्या केलेल्या सरकारविरुद्ध लढून मेला आणि तरी १८९८ ला राजधानीत पुतळा. त्याच्या गावाला शेवटी जायचंच होतं म्हणून इथे फोटो काढून निघालो.

ताकासाकीची गाडी याच ऊएनोहून सुटायची, १८८४ साली ही लाइन पूर्ण झाली ती मुख्यतः रेशीम योकोहामाला पोचवायला. गाडीत मामांना नवी १० हजार येनची नोट दाखवली, २०२४ मध्ये आलेली, तिच्यावर शिबुसावा एइइची. शेतकऱ्याचा मुलगा, घरी नीळ आणि रेशमाचा धंदा. १८६३ मध्ये या माणसाने आणि त्याच्या आतेभावाने, ओदाका आत्सुतादा त्याचं नाव, काय कट केला होता माहितीये का, ताकासाकीचा किल्ला रात्रीत काबीज करायचा, तिथली हत्यारं घ्यायची आणि योकोहामाला जाऊन गोऱ्यांची वस्ती जाळून टाकायची. आयत्या वेळी रद्द झालं. नऊ वर्षांनी तोच ओदाका तोमिओकात फ्रेंच माणसांना हाताशी धरून सरकारी रेशीम कारखाना चालवत होता आणि शिबुसावा पुढच्या वर्षी देशातली पहिली बँक काढत होता. मामा म्हणाले, "कट फसला ते बरं झालं म्हणायचं."

(याच शिबुसावाने ज्या टोकियोच्या महिला विद्यापीठाला जन्मभर हातभार लावला, त्याची माहितीपुस्तिका आपल्या धोंडो केशव कर्व्यांच्या हातात पडली आणि १९१६ ला पुण्यात महिला विद्यापीठ निघालं. एसएनडीटीच्या पोरींना हे सांगत नाहीत बहुतेक.)

सोमवार, तोमिओका

ताकासाकीहून जोशिन नावाच्या छोट्या खाजगी लाइनची गाडी, पाऊण तास लागला, बाहेर मध्येमध्ये तुतीची झाडं. मामांच्या मते छाटणी नीट नाही.

कारखाना बघितल्यावर पहिला विचार, हे जपान वाटतच नाही. लाल विटांची शंभर मीटरहून लांब कोशांची गोदामं, लाकडी सांगाडा आणि मध्ये विटा भरलेल्या. १८७१ मध्ये काम सुरू झालं तेव्हा या भागात वीट काय असते हे कोणाला माहीत नव्हतं, मग कौलं भाजणाऱ्या कारागिरांना बोलावून फ्रेंच माणसाने समजावलं, त्यांनी जवळच भट्ट्या लावल्या. सिमेंट नाही म्हणून चुन्याचं मिश्रण. काचा मात्र फ्रान्सहून. सगळ्याचा कर्ताधर्ता पॉल ब्रुना, योकोहामाला रेशीम तपासणारा फ्रेंच, आणि नकाशे काढले बास्तियाँ नावाच्या ड्राफ्ट्समनने जो खरं तर जहाजाच्या गोदीत कामाला होता. १४० मीटर लांबीचा रीलिंगचा, म्हणजे कोशातून धागा काढायचा हॉल, मध्ये एकही खांब नाही, कारण छताला वर कैच्या आहेत. आत ३०० बायकांची ३०० घंगाळी. त्या वेळी जगात एवढं मोठं रीलिंग युनिट नव्हतं.

पण बायका येईनात! गावोगाव बातमी पसरलेली की फ्रेंच लोक पोरींचं रक्त पितात. पीत होते ती रेड वाइन. सरकारने फर्मानं काढली तरी कोणी मुलगी द्यायला तयार नाही, शेवटी मॅनेजर ओदाकाने स्वतःची चौदा वर्षांची मुलगी यू हिलाच पहिली कामगार म्हणून भरती केलं, मग हळूहळू आल्या. आणि आल्या त्या कोण तर बऱ्याचशा सामुराई घरातल्या, ज्यांच्या बापांची चाकरी नुकतीच गेली होती.

इथे जरा थांबून सांगायला हवं. १८७१ च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारने एका दिवसात सगळी संस्थानं खालसा केली, अडीचशेहून जास्त दाइम्यो होते, म्हणजे आपल्याकडच्या राजेरजवाड्यांसारखे, त्यांना टोकियोला राहायला बोलावलं आणि गावोगाव सरकारी कलेक्टर नेमले. विशेष गोळीबार वगैरे नाही. संस्थानं कर्जात एवढी बुडालेली होती की सरकार कर्ज अंगावर घेतंय म्हटल्यावर बरेच राजे मनातून खूशच झाले असावेत. अडचण होती सामुराईंची, पिढ्यान्‌पिढ्या घरबसल्या भात-पगार, सरकारच्या खर्चाचा तिसरा हिस्सा त्यातच जायचा. १८७६ मध्ये तो बंद करून हातात रोखे ठेवले, त्याच वर्षी तलवार लावून फिरायला बंदी. मामा म्हणाले, "म्हणजे वतनं खालसा." हो, आणि ती करणारे मंत्री स्वतः सामुराईच.

तर त्यातली एक वाडा एई, मात्सुशिरोची, सामुराईची मुलगी, १८७३ मध्ये आली. तिने म्हातारपणी आठवणी लिहून ठेवल्यात आणि त्यात रागावलेली जागा मला सगळ्यात आवडते. नव्या मुलींना आधी कोश निवडायचं कंटाळवाणं काम, मग रीलिंग. या मात्सुशिरोवाल्या आपली पाळी कधी येते म्हणून वाट बघतायत आणि मागून यामागुचीच्या, म्हणजे जुन्या चोशू संस्थानच्या मुली आल्या त्या थेट रीलिंगला. कारण सरकारात चोशूचे लोक! मुली रडल्या, भांडल्या, वरपर्यंत तक्रार नेली. राज्य बदललं तरी वशिला कोणत्या संस्थानचा ते चालूच.

कामाचे तास दिवसाला सरासरी पावणेआठ, रविवारी सुट्टी, राहायला होस्टेल, फ्रेंच डॉक्टर. मामांनी दोनदा विचारलं, खरंच? खरंच, कारण हा सरकारी मॉडेल कारखाना, इथे शिकून मुलींनी गावाकडे जाऊन शिकवायचं, एईने तसंच केलं. धंदा म्हणून बऱ्याचदा तोटाच, १८९३ ला मित्सुईला विकून टाकला.

खरा नफा झाला तो सुवा-ओकायाकडच्या खाजगी गिरण्यांत. तिथे तेरा-चौदा तास, मुलीच्या बापाला आधीच उचल देऊन करारावर अंगठा, धागा जाड-बारीक झाला की पगार कापायचा आणि तो कापलेला पगार चांगल्या काढणारीला बक्षीस, म्हणजे मालकाच्या खिशातून काही जात नाही आणि पोरी एकमेकींच्या जिवावर. हिदाच्या डोंगरातून बर्फातून नोमुगी खिंड ओलांडून चालत यायच्या. १९०९ च्या सुमारास जपानने चीनला मागे टाकलं आणि कच्च्या रेशमाचा जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार झाला तो यांच्या बोटांवर. युद्धनौका, इंजिनं, तोफा, सगळं बाहेरून विकत घ्यायचं त्याचे डॉलर कोशातून यायचे.

हॉलमध्ये आता निस्सानची ऑटोमॅटिक रीलिंग मशीन उभी आहेत, हो तीच गाड्यांवाली निस्सान. १९८७ ला कारखाना बंद झाला पण शेवटच्या मालकाने, काताकुरा कंपनीने, पुढची अठरा वर्षं एक वीट हलवू दिली नाही, नुसतं सांभाळलं, मग शहराला देऊन टाकलं. आपल्याकडच्या गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते लालबाग-परळमधून जाताना दिसतंच.

एका कोपऱ्यात एक काकू गरम पाण्यात कोश टाकून हाताने धागा काढून दाखवत होत्या. उकळत्या कोशाचा तो वास आला आणि माझी मावसबहीण असती तर पळाली असती, मामा मात्र पुढे सरकले. काकूंनी ब्रश फिरवून धाग्याची टोकं पकडली, मामांनी बोटं दाखवून विचारलं किती कोशांचा एक धागा, मग दोघांचं हातवाऱ्यांवर बराच वेळ चाललं होतं, मी बाहेर बसून आइस्क्रीम खाल्लं.

मंगळवार, आशिओ

ताकासाकीहून र्‍योमो लाइनने किर्यू, तिथून वातारासे नदीच्या काठाने एकच डबा असलेली गाडी. दरी फार सुंदर, मे महिन्याची कोवळी हिरवळ, नदीचं पाणी निळसर. आणि शेवटाकडे डोंगर अचानक टक्कल पडल्यासारखे.

आशिओची तांब्याची खाण १६१० पासूनची, पण फुरुकावा इचिबेइने ती १८७७ ला घेतली तेव्हा मेल्यातच जमा होती. शिबुसावानेही यात पैसे घातले होते. मोठे साठे सापडले, १८९० ला खाणीत जलविद्युत आली, तेव्हा जगभर तारा टाकायचं काम जोरात आणि तारेला तांबं लागतं. बोगद्यांची एकूण लांबी १,२३४ किलोमीटर सांगतात. आता छोट्या ट्रॉलीतून थोडं आत नेतात, आत पुतळे, इदो म्हणजे शोगुनांच्या काळातले छिन्नी-हातोडीवाले, मग मेजीतले, मग ड्रिलवाले. पुतळे जरा बालिश आहेत, पण एवढ्या दमट अंधारात टपटप पाणी अंगावर पडत असताना बालिश वाटत नाहीत.

वितळवायच्या भट्ट्यांचा गंधकाचा धूर वर मात्सुगी गावावर गेला, आधी तुती वाळली, मग रेशीम संपलं, मग गाव उठलं. खाली नदीतून तांब्याचं विष पुराबरोबर भातशेतीत. मासे मेले, पिकं गेली. हे सगळं १८८० ते ९० च्या दरम्यानच दिसायला लागलेलं. तानाका शोझो नावाचा त्या भागाचा खासदार, त्याने १८९१ पासून संसदेत हाच एक विषय लावून धरला, सरकारमधल्या मंत्र्याचा मुलगा फुरुकावाच्या घरी दत्तक गेलेला, कोण ऐकतंय. १९०१ च्या डिसेंबरला खासदारकी सोडलेला हा साठ वर्षांचा माणूस हातात अर्ज घेऊन थेट सम्राटाच्या बग्गीसमोर धावला. पोलिसांनी धरलं, वेडा ठरवून सोडून दिलं. सरकारने नंतर उपाय काढला तो असा की खालच्या यानाका गावालाच तलाव करायचा म्हणजे विषारी गाळ तिथे बसेल. १९०७ मध्ये शेवटची घरं पाडली.

मामांनी इथे नेहमीसारखे प्रश्न विचारले नाहीत, एकच विचारलं, नुकसान भरपाई किती दिली. कंपनीने लोकांना फुटकळ पैसे देऊन पुन्हा तक्रार करणार नाही असं लिहून घेतलेलं. "हां," म्हणाले, "ते सगळीकडे सारखंच."

डोंगरावर आता शाळेची मुलं येऊन झाडं लावतात. खाण १९७३ ला बंद झाली, झाडं अजून पुरती आलेली नाहीत.

बुधवार, दिवसभर गाडीत

ताकासाकी ते टोकियो, टोकियोहून शिन-यामागुची, मग बसने हागी. फुजी ढगात. मामा झोपले.

शिन-कोबे आलं तेव्हा उठवलं, कारण इथून ७ नोव्हेंबर १८९३ ला हिरोशिमा मारू नावाचं जहाज मुंबईला सुटलं, जपानी कंपनीची पहिली नियमित लांब पल्ल्याची समुद्री लाइन. झालं असं की ओसाकाच्या नव्या सूतगिरण्यांना आपला कापूस हवा होता, विदर्भ-खानदेशकडून मुंबईला येणारा, पण मुंबई ते जपान वाहतूक पी अँड ओ ही इंग्रज जहाज कंपनी आणि तिच्या सोबत्यांच्या मुठीत, भाडं ते म्हणतील ते. जमशेटजी टाटा आणि निप्पॉन यूसेन ही जपानी जहाज कंपनी एकत्र आले, मध्ये शिबुसावा, आणि जपानच्या गिरणीवाल्यांच्या संघाने सभासदांकडून लिहून घेतलं की कापूस याच बोटीने आणायचा. पी अँड ओने भाडं मातीमोल केलं तरी जपानी गिरण्या फुटल्या नाहीत. टाटांची बाजू काही काळाने पडली, जपानची बोट चालू राहिली.

आणि याचं फळ मुंबईला काय मिळालं? शिबुसावाची ओसाका गिरणी १८८३ ला सुरू झाली १०,५०० चात्यांवर, पुढे विजेचे दिवे लावून रात्रपाळी, यंत्र चोवीस तास. १८९७ ला जपानची सुताची निर्यात आयातीपेक्षा जास्त. आमच्या गिरणगावचं सूत ज्या चिनी बाजारात जायचं तो बाजार, आमच्याच कापसाचं सूत काढून, यांनी खाल्ला. रात्रपाळीला बायका-पोरी, आणि ती रात्रपाळी प्रत्यक्षात बंद व्हायला १९२९ साल लागलं. हे मी मामांना सांगत होतो तर ते म्हणाले कापूस त्यांनी कितीला घेतला ते सांग, बाकी जाऊ दे.

गुरुवार, हागी

ट्रिपमधलं सगळ्यात निवांत गाव. समुद्राकाठी, पांढऱ्या मातीच्या भिंती, आणि भिंतींच्या वरून डोकावणारी पिवळी जाड सालीची नात्सुमिकान, फळं आणि फुलं एकाच वेळी झाडावर, गल्ल्यांभर वास. मोसंबीवाल्या माणसाला इथे आणल्यावर काय होणार, पहिला तासभर किल्ल्याकडे जायचं नावच नाही. या झाडांची पण कथा आहे, पगार बंद झालेल्या सामुराईंनी खायचं काय, म्हणून गावातल्याच ओबाता नावाच्या माजी अधिकाऱ्याने १८७६ पासून रिकाम्या वाड्यांच्या आवारात ही झाडं लावायला लावली. तलवारवाले बागायतदार झाले. काही वर्षांनी फळं ओसाकापर्यंत जायला लागली.

सगळेच काही बागायतीला लागले नाहीत. १८७६ लाच इथे माएबारा इस्सेइने बंड केलं, सरकारात मंत्रीपद भूषवलेला माणूस, पकडून डोकं उडवलं. किल्ला १८७४ लाच पाडलेला, आता दगडी जोती तेवढी.

शोइनची शाळा बघितली, शोका सोंजुकू. दोन खोल्या. एक आठ चटयांची आणि नंतर जोडलेली साडेदहा चटयांची. योशिदा शोइन हा १८५४ ला पेरीच्या जहाजावर रात्री होडीने जाऊन मला अमेरिकेला न्या म्हणून विनवणारा वेडा, त्यांनी नेलं नाही, याने स्वतःला पोलिसांच्या हवाली केलं. मग नजरकैदेत असताना जेमतेम दोनेक वर्षं या खोल्यांत शिकवलं, १८५९ ला शोगुनने डोकं उडवलं, वय २९. पोरं कोण, तर इतो हिरोबुमी, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला, पुढे देशाचा पहिला पंतप्रधान. यामागाता, ज्याने सक्तीची सैन्यभरती आणली. ताकासुगी, ज्याने १८६३ मध्ये सामुराई आणि शेतकरी एकाच पलटणीत उभे केले. तोमिओकाच्या मुलींचा वशिला तो इथला!

मला शाळेपेक्षा गावाबाहेरची भट्टी जास्त बोलकी वाटली. परावर्तनी भट्टी म्हणतात, लोखंड वितळवून तोफा ओतायला, दगडविटांचं साडेदहा मीटर उंच दुहेरी धुराडं फक्त उरलंय. डच पुस्तकाच्या आधाराने सागा संस्थानाने अशी भट्टी आधी बांधली, चोशूने माणूस पाठवून तंत्र मागितलं, त्यांनी दिलं नाही, तो नुसतं रेखाचित्र बघून काढून आला आणि त्यावरून १८५६ मध्ये हे उभं केलं. खऱ्या तोफा काही निघाल्या नाहीत, प्रयोगच राहिला. मग १८६३ मध्ये इतो आणि अजून चारजण चोरून लंडनला पळाले, बाहेर जायला अजून मृत्युदंड होता. त्यातला एक इनोउए मासारू, परवा शिंबाशीला ज्या रेल्वेबद्दल सांगितलं तिचा पुढे सर्वेसर्वा. पुस्तकावरून जमेना म्हणून माणसंच पाठवली, सरळ हिशोब.

रात्री लॉजच्या बाईंनी मामांसाठी मुद्दाम टोफू आणि भाजीचं ताट केलं. मिसो सूप मामांनी वास घेऊन बाजूला ठेवलं.

शुक्रवार-शनिवार, कागोशिमा

समोर समुद्रात साकुराजिमा, रोज थोडी राख ओकणारा ज्वालामुखी. इथल्या शिमाझु घराण्याची बाग सेंगानएन फार देखणी, पण आम्ही गेलो ते बागेच्या दाराशी असलेल्या दगडांसाठी. शिमाझु नारिआकिराने १८५१ पासून इथे भट्टी, काच, जहाज, तारायंत्र असं काय काय सुरू केलं, आख्ख्या संकुलाचं नाव शूसेइकान. १८६३ ला इंग्रज नौदलाने गाव फोडलं तेव्हा हेही जळालं. कारण आदल्या वर्षी योकोहामाजवळ सत्सुमाच्या, म्हणजे इथल्याच शिमाझुंच्या संस्थानच्या लोकांनी रिचर्डसन नावाच्या इंग्रजाला रस्त्यात कापलं होतं. मार खाल्ल्यावर यांनी काय करावं? दोन वर्षांत १९ जणांना गुपचूप त्याच इंग्लंडला धाडलं, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं मागवली, आपल्या मुंबईच्या गिरण्यांतही त्यांचीच यंत्रं असायची, आणि १८६७ ला देशातली पहिली पाश्चात्त्य सूतगिरणी चालू.

पैसा कुठून आला हे माहितीफलकांवर जरा हळू आवाजात लिहिलंय. सत्सुमावर ५० लाख र्‍योंचं कर्ज होतं (र्‍यो म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं), कारभारी झूशो हिरोसातोने सावकारांना बोलावून सांगितलं, व्याज नाही, मुद्दल २५० वर्षांच्या हप्त्यांनी. मामा एवढे हसले की शेजारची बाई वळून बघायला लागली. दुसरीकडून आमामीच्या बेटांवर भात बंद करून सक्तीने ऊस लावला, गूळ फक्त संस्थानला विकायचा, तोही त्यांच्या दराने. भट्टीच्या दगडांखाली तो गूळ आहे. यावर मामा हसले नाहीत.

शनिवारी शिरोयामा. सैगोच्या शाळेच्या दगडी भिंतीवर गोळ्यांची भोकं अजून आहेत, मी मोजायचा नाद सोडला. १८७७ मध्ये पगार आणि तलवार गेलेले सामुराई त्याच्यामागे उभे राहिले, समोर सक्तीने भरती केलेली शेतकऱ्यांची पोरं. सात-आठ महिने चाललं. २४ सप्टेंबरला या टेकडीवर शेवट, त्याच्याबरोबर चारशेच्या आत-बाहेर माणसं उरलेली. ज्याने हे बंड मोडलं त्या सरकारचा मुख्य माणूस ओकुबो तोशिमिची, सैगोचा लहानपणापासूनचा दोस्त, याच गावचा, नदीकाठच्या एकाच आळीतले. पुढच्या मे महिन्यात त्याचाही टोकियोत खून झाला. गावात त्याचा पुतळा बसायला १९७९ साल उजाडलं, लोकांनी एवढी वर्षं माफ केलं नव्हतं. मी ओकुबोच्या बाजूचा, कोणीतरी हे कडू काम करणं भागच होतं. मामा म्हणाले दोघेही सरदारच, बिल कोणी भरलं ते सांग.

मग बिल सांगितलं. सरकारला या युद्धाला ४ कोटी २० लाख येन लागले, नोटा छापल्या, महागाई भडकली. १८८१ ला मात्सुकाता अर्थमंत्री झाला, तोही सत्सुमाचाच, त्याने नोटा मागे घेतल्या, नवे कर लावले, भाव धाडकन खाली. जमिनीचा कर मात्र १८७३ पासून रोखीत आणि ठरलेला, आधी जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के मग अडीच, तांदळाचा भाव पडो की चढो. रेशमाचा भाव तर कोसळलाच. तोमिओकाच्या दक्षिणेला चिचिबुच्या डोंगरात सगळे रेशीमवाले, सावकाराकडून काढलेलं कर्ज फिटेना, १८८४ च्या नोव्हेंबरात हजारो शेतकरी कपाळाला पांढऱ्या पट्ट्या बांधून उतरले, सावकारांचे वाडे फोडले, कर्जाचे कागद जाळले. आपल्याकडे सुप्यात १८७५ ला झालं अगदी तेच. ताकासाकीच्या छावणीतून आणि टोकियोतून फौज आली, दहा दिवसांत सगळं थंड, पुढाऱ्यांना फाशी.

"ताकासाकीजवळ? मग आपण गेलो का नाही?"

मामा, प्लॅनमध्ये नव्हतं, मी म्हटलं, तिथे म्युझियमपण छोटंसंच असेल. ऐकायला तयार नाहीत. फ्लाइट उद्या रात्रीची आहे, सकाळी इथून टोकियोला उडायचं, इकेबुकुरोहून चिचिबुला थेट एक्सप्रेस आहे दीड तासाच्या आत. मामांनी हॉटेलच्या लॉबीत बसून माझ्याकडून टाइमटेबल दोनदा तपासून घेतलं आणि बॅगा आत्ताच भर म्हणाले.